पातळ आडभिंतीतील दाराची चौकट वारंवार सैल होत असेल तर काय तपासावे आणि काय करावे

चार-साडेचार इंचांच्या आडभिंतीत बसवलेल्या दाराबद्दलची तक्रार बहुधा एकाच क्रमाने पुढे सरकते. आधी बिजागरीच्या बाजूला चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये एक बारीक उभी भेग दिसू लागते. ती पुट्टीने भरून वरून रंग दिला जातो, आणि काही महिन्यांनी तीच भेग त्याच जागी थोडी अधिक रुंद होऊन परत येते. मग कुलपाची जीभ समोरच्या पट्टीच्या भोकात नीट शिरेनाशी होते, ते भोक कानशीने घासून मोठे केले जाते, आणि शेवटी दाराचा खालचा कोपरा जमिनीला लागू लागल्यावर दार उतरवून रंधा मारला जातो. यातील प्रत्येक दुरुस्ती लक्षणावर केलेली असल्यामुळे मूळ दोष तसाच राहतो.

मूळ दोष बहुतेक वेळा असा असतो की जाड भिंतीत चालणारी पद्धत जशीच्या तशी पातळ भिंतीत वापरलेली असते. नऊ इंची भिंत स्वतःच्या वजनाने आणि रुंदीने चौकटीला धरून ठेवते. अर्ध्या विटेच्या किंवा १०० मिलिमीटर जाडीच्या ब्लॉकच्या भिंतीत, विशेषतः दाराच्या गाळ्याच्या (दारासाठी सोडलेल्या जागेच्या) मोकळ्या कडेला, तेवढी ताकद नसते. अशा ठिकाणी चौकटीला आधार जमीन आणि वरची तुळई किंवा स्लॅब यांच्याकडून मिळाला पाहिजे, आणि भिंतीच्या कडेला चौकटीने सावरले पाहिजे. ही अदलाबदल लक्षात घेतली की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

नेमके काय हलते आहे ते आधी ठरवा

तपासणीसाठी दोन माणसे लागतात. एकाने दार रोजच्या सवयीने, म्हणजे थोडे जोरातच, लावावे. दुसऱ्याने एक तळहात चौकटीच्या बिजागरीकडील उभ्यावर (उभ्या लाकडावर) आणि दुसरा तळहात चौकटीपासून फूटभर अंतरावर भिंतीवर सपाट टेकवावा. हीच चाचणी कुलपाच्या बाजूला, आणि कमरेच्या तसेच डोक्याच्या उंचीवर पुन्हा करावी. डोळ्यांना न दिसणारी हालचाल तळहाताला स्पष्ट जाणवते.

दोन्ही हातांना काहीच जाणवत नसेल आणि तरीही दार लोंबत असेल, तर दोष बिजागरीत आहे. दार अर्धे उघडून त्याची मोकळी कड हाताने वर उचलून पाहावी. बिजागरीच्या पात्याखालचे स्क्रू हलताना दिसतील. जुनी भोके कठीण लाकडाच्या गोल खुंट्या सरस लावून बुजवावीत, सरस वाळल्यावर ५० मिलिमीटर लांबीचे स्क्रू नव्याने बसवावेत, आणि दाराला दोनच बिजागऱ्या असतील तर तिसरी लावावी. एवढ्यावर काम संपते.

चौकटीवरच्या हाताला धक्का जाणवतो पण भिंतीवरच्या हाताला नाही, तर चौकटीची पकड सुटली आहे. दोन्ही हातांना सारखाच धक्का जाणवला तर भिंतच सैल आहे, आणि अशा वेळी चौकट कितीही घट्ट केली तरी ती सैल भिंतीलाच घट्ट होणार. या दोन प्रकारांत गल्लत झाल्यामुळे सर्वाधिक पैसा आणि श्रम वाया जातात, म्हणून ही चाचणी टाळू नये.

भेग आहे पण धक्का कुठेच जाणवत नाही, अशीही स्थिती असते. तेव्हा भेगेला काटकोनात, चौकटीपासून गिलाव्यापर्यंत सलग जाणाऱ्या, टोकदार पेन्सिलीच्या तीन-चार आडव्या रेषा काढून ठेवाव्यात आणि दार नेहमीप्रमाणे वापरू द्यावे. दोनेक आठवड्यांनी रेषेचे दोन तुकडे अजून एका सरळीत असतील आणि त्यांच्यातील फट तेवढी वाढली असेल, तर लाकूड आक्रसत आहे किंवा चौकट बाजूला सरकत आहे. तुकडे वरखाली झाले असतील, तर चौकट खाली बसत आहे किंवा भिंत खचत आहे. रेषा जशाच्या तशा असतील, तर भेग जुनी आहे आणि केवळ ती झाकण्याचा प्रश्न उरतो.

यानंतर चौकटीचा आकार तपासावा. २००० बाय ८०० मिलिमीटरच्या गाळ्याचे दोन्ही कर्ण २१५४ मिलिमीटरच्या आसपास भरले पाहिजेत. त्यांच्यात ३ मिलिमीटरहून अधिक फरक असेल तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. ओळंबा प्रत्येक उभ्याला दोन दिशांनी लावावा, एकदा गाळ्याच्या आतील अंगाने आणि एकदा भिंतीच्या पृष्ठभागाच्या दिशेने, कारण दुसरी दिशा तपासायची राहून जाते आणि पीळ नेमका तिथेच लपलेला असतो. पीळ ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे चौकटीच्या एकाच अंगावर, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, दोन दोऱ्या ताणून बांधणे. चौकट सपाट असेल तर दोऱ्या मध्यभागी एकमेकींना जेमतेम स्पर्श करतात. त्यांच्यात फट राहिली तर एखादा कोपरा त्या फटीच्या दुप्पट बाहेर किंवा आत आहे असे समजावे. खालची दोरी वर घेऊन हीच तपासणी पुन्हा करावी, कारण एका मांडणीत दोऱ्या एकमेकींवर दाबल्या गेल्या तर फट दिसतच नाही.

शेवटी शिडी लावून भिंतीचा माथा पाहावा. आडभिंत आणि वरची तुळई यांच्यामधील शेवटच्या थराचा मसाला आक्रसून तिथे एक सलग फट पडलेली असते, आणि पातळ सुरीचे पाते सहज आरपार जात असेल तर त्या भिंतीला वरून कोणीही धरलेले नाही असा त्याचा अर्थ होतो. खोट्या छताच्या वर भिंत मुळात नेलेलीच नसणे हाही नित्याचा प्रकार आहे.

असे का होते

दाराच्या वजनाला उगाच दोष दिला जातो. ८०० मिलिमीटर रुंदीचे, ३० मिलिमीटर जाडीचे भरीव फ्लश दार साधारण २५ ते ३० किलो वजनाचे असते. वरची आणि खालची बिजागरी यांच्यात दीड मीटर अंतर धरले, तर २८ किलोच्या दाराचा वरच्या बिजागरीवरील आडवा ओढ २८ गुणिले ४०० भागिले १५००, म्हणजे जेमतेम साडेसात किलो येतो. एवढा ओढ कोणतीही बरी पकड वर्षानुवर्षे सहन करते. नुकसान होते ते आपटण्याने. दार वाऱ्याने किंवा हाताने आपटले की त्याची गती अवघ्या काही मिलिमीटरांत थांबते, आणि त्या क्षणी कुलपाकडील उभ्यावर येणारा जोर शेकडो किलोंच्या घरात जाऊ शकतो. हा धक्का चौकटीतून भिंतीच्या कडेत जातो, आणि ती कड म्हणजे एकावर एक रचलेल्या अर्ध्या विटांचा, तिसऱ्या बाजूने मोकळा असलेला ढीग असतो. मसाल्याचा सांधा दाब सहन करतो, पण ओढ आणि थरथर फारशी सहन करत नाही.

दुसरे कारण पकडीचे आहे. होल्डफास्ट, म्हणजे चौकटीला जोडलेली लोखंडी पट्टी, जाड भिंतीत खोलवर जाऊन काँक्रीटमध्ये गाडली जाते. पातळ भिंतीत तो आडवा वळवायला जागाच नसते, म्हणून गवंडी तो आखूड करतो किंवा मसाल्यात नुसता दडपतो. नंतर बसवलेल्या चौकटीत फुगणारे लोखंडी फास्टनर वापरले जातात. ते भोकाच्या भिंतींवर बाहेरच्या दिशेने जोर देऊन पकड घेतात, आणि दोन्ही बाजूंना अवघे ५० मिलिमीटर अंग असलेली वीट किंवा हलका ब्लॉक त्या जोराने आतून चिरतो. चिरलेली वीट गिलाव्याखाली असल्यामुळे बसवताना सगळे घट्ट वाटते.

तिसरे कारण लाकडाचे. तंतूंच्या आडव्या दिशेने लाकूड ओलाव्यातील दर एक टक्का घटीमागे साधारण पाव टक्का आक्रसते. २० टक्के ओलावा असलेली १०० मिलिमीटर रुंद चौकट घरात १२ टक्क्यांवर आली, की ती सुमारे २ मिलिमीटर अरुंद होते. ओल्या भिंतीला लागून, मागच्या अंगाला रंग न देता बसवलेली चौकट आधी पाणी पिऊन फुगते, गिलावा त्या फुगलेल्या मापाला चिकटून केला जातो, आणि नंतर लाकूड वाळून मागे सरकते. ही भेग अटळ असते. कितीही चांगली पुट्टी वापरली तरी ती थांबत नाही.

चौकट सैल आहे, भिंत पक्की आहे

प्रथम दार उतरवावे. दार लटकत ठेवून चौकट घट्ट करण्याचा प्रयत्न केल्यास चौकट वाकडी असलेल्या स्थितीतच पक्की होते. झाकपट्ट्या आणि फटीतील भुसभुशीत मसाला काढून चौकट आणि भिंत यांच्यामधील जागा मोकळी करावी. मग चौकटीच्या आत तळाशी, मध्ये आणि वर असे तीन आडवे टेकू द्यावेत. त्यांची लांबी वरच्या कोपऱ्याजवळ, म्हणजे आडव्या लाकडाच्या लगेच खाली, मोजलेल्या अंतराएवढी अचूक असावी, कारण मध्यभागी घेतलेले माप उभे आधीच वाकलेले असल्यामुळे फसवे असते.

चौकट ओळंब्यात आणून प्रत्येक स्क्रूच्या जागी मागून पाचरींची जोडी बसवावी, एक पाचर एका अंगाने आणि दुसरी समोरून, म्हणजे दोन तिरपे पृष्ठभाग एकमेकांवर सरकून मागचा आधार समांतर राहतो. एकच पाचर ठोकली तर उभा पिळतो. पाचर कठीण लाकडाची किंवा प्लास्टिकची असावी. पुठ्ठा आणि प्लायवूडचे सुटणारे पापुद्रे यांचा इथे उपयोग नाही. प्रत्येक उभ्याला किमान चार जागी पकड द्यावी: वरून आणि खालून १५० मिलिमीटरवर एकेक, आणि मधल्या दोन अशा की एक मधल्या बिजागरीजवळ किंवा कुलपाच्या पट्टीजवळ येईल आणि कोणत्याही दोन पकडींमधील अंतर ६०० मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही.

स्क्रूसाठी नायलॉनच्या लांब प्लगसह येणारे चौकटीचे स्क्रू घ्यावेत. ते चौकटीतून थेट भिंतीत जातात आणि भिंतीत त्यांची किमान ६० ते ७० मिलिमीटर लांबी गेली पाहिजे. विटेच्या भिंतीत भोक विटेच्या मध्यावर घ्यावे, सांध्यात नाही. हलक्या ब्लॉकमध्ये ड्रिलची ठोकणी बंद ठेवून केवळ फिरवून भोक पाडावे, अन्यथा भोक मापापेक्षा मोठे होते आणि प्लग त्यात नुसता फिरतो. अशा ब्लॉकसाठी खास बनवलेले प्लग मिळतात आणि तेच वापरावेत. स्क्रू आवळताना ओळंबा चौकटीला लावलेलाच ठेवावा. पाचर सैल असेल तर स्क्रू चौकटीला भिंतीकडे ओढतो आणि सगळी मांडणी बिघडते.

फुगणाऱ्या फोमविषयी मतभेद आहेत, म्हणून माझे मत सांगतो: फोम ही भरणी आहे, पकड नाही. स्क्रू आवळून झाल्यावर फट भरण्यासाठी आणि आवाज कमी करण्यासाठी तो जरूर वापरावा, पण तो फुगताना उभ्यांना आत ढकलतो, म्हणून टेकू फोम पूर्ण कडक होईपर्यंत काढू नयेत. जड दारासाठी केवळ फोमवर विसंबणे चूक आहे.

उभ्यांच्या तळाला जमिनीत खुंटी देणे हे काम सहसा कोणी सुचवत नाही, पण पातळ भिंतीत त्याचा सर्वांत मोठा फायदा होतो. नवीन चौकटीत उभ्याच्या तळाच्या मध्यभागी १० किंवा १२ मिलिमीटरची सळई बसवून ती जमिनीत ४० ते ५० मिलिमीटर जाऊ द्यावी. बसलेल्या चौकटीत तेवढ्यासाठी उभा उचलता येत नसल्याने, मागच्या बाजूने लोखंडी कोन लावून तो जमिनीला स्क्रूने धरावा आणि झाकपट्टीखाली किंवा फरशीच्या पातळीखाली दडवावा. जमिनीत भोक पाडण्यापूर्वी तिथून पाण्याचा नळ किंवा विजेची वाहिनी जात नाही याची खात्री करून घ्यावी. दाराच्या उंबऱ्याखालून नळ नेण्याची सवय प्लंबरांना फार असते.

भिंतच हलते आहे

इथे चौकटीला हात लावण्याआधी भिंतीचा माथा धरावा. माथ्याची फट साफ करून, पाणी मारून, ती घट्ट, कमी पाण्याच्या मसाल्याने दोन्ही बाजूंनी ठासून भरावी आणि दर मीटरभर अंतरावर लोखंडी कोनांची जोडी भिंतीच्या दोन्ही अंगांना लावून तुळईला पक्की करावी. भिंत खोट्या छताशीच थांबली असेल, तर निदान दाराच्या दोन्ही कडांना लोखंडी चौकोनी नळीचे खांब जमिनीपासून स्लॅबपर्यंत नेऊन चौकट त्यांनाच जोडावी. खोट्या छताच्या सांगाड्याला चौकट बांधणे म्हणजे दोन सैल गोष्टी एकमेकींच्या भरवशावर सोडणे होय.

गाळ्याच्या कडेच्या विटा बोटाने हलत असतील, तर ती कड वाचवण्याचा प्रयत्न करू नये. चौकट काढून कडेचा १०० ते १५० मिलिमीटरचा भाग खालपासून वरपर्यंत दातेरी आकारात फोडावा, म्हणजे एक थर आत आणि एक थर बाहेर राहील, आणि तिथे भिंतीच्या जाडीचाच काँक्रीटचा बारीक खांब ओतावा. ८ मिलिमीटरच्या दोन सळया पुरतात, मात्र त्यांची टोके जमिनीत आणि तुळईत भोके पाडून रासायनिक गोंदाने बसवलेली असावीत. टोके मोकळी राहिली तर खांब केवळ वजन वाढवतो. दारावर लिंटेल (वरच्या भिंतीचा भार घेणारी आडवी पट्टी) नसेल तर याच वेळी तो करावा: १०० मिलिमीटर रुंद, साधारण तेवढाच उंच, आणि दोन्ही खांबांना जोडलेला. खांब ओतताना चौकटीच्या स्क्रूच्या जागा मोजून ठेवाव्यात, म्हणजे पुढे ड्रिल सळईवर जाणार नाही. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावे, आणि दार टांगण्याची घाई दोन आठवडे तरी करू नये.

हे काम घाणीचे आहे आणि दोन्ही खोल्यांचा रंग बिघडवते, म्हणून लोक ते पुढे ढकलतात. पण सैल कडेवर दर वर्षी पुट्टी भरत राहण्याला काही अर्थ नाही.

फक्त भेग आहे

लाकूड आणि गिलावा हे दोन पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आक्रसतात, त्यामुळे त्यांच्या सांध्यावरून सलग गिलावा किंवा पुट्टी नेली तर भेग पडणारच. ती पडू न देण्याऐवजी ती सरळ आणि झाकलेली राहील असे पाहावे. धारदार पात्याने चौकटीच्या कडेलगत ४ ते ५ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल खाच सरळ कापावी, धूळ झटकून त्यात रंग बसणारे अॅक्रिलिक सिलंट भरावे आणि बोट ओले करून गुळगुळीत करावे. किंवा झाकपट्टी लावावी, जी मला अधिक टिकाऊ वाटते. झाकपट्टीचे खिळे फक्त चौकटीत मारावेत. पट्टी चौकटीलाही आणि भिंतीलाही ठोकली, तर लाकूड आक्रसताना ती मधोमध उभी फाटते किंवा गिलाव्याचा तुकडा ओढून काढते. केवळ चौकटीला धरलेली पट्टी गिलाव्यावरून मुक्तपणे सरकते आणि तिच्याखालची फट कोणाला दिसत नाही.

चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरपी वर जाणारी भेग मात्र वेगळी आहे. ती लिंटेलचा टेकू कमी असल्याचे किंवा चौकटीच्या आडव्या लाकडाचे बाहेर ठेवलेले कान (टोके) विटेत रुतवल्याचे लक्षण असते. पातळ भिंतीत हे कान कोपऱ्यावरची वीट जवळजवळ निम्मी खाऊन टाकतात. ते कापून टाकलेलेच बरे. लिंटेल दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर टेकलेला असेल, तर भेगेवरचा गिलावा काढून कोपऱ्यावर फायबर जाळीचा तुकडा तिरपा लावून पुन्हा गिलावा केल्यास ती सहसा परत येत नाही.

जिप्सम बोर्डाच्या भिंतीत हीच तिरपी भेग बोर्डाचा सांधा दाराच्या उभ्याच्या रेषेत आल्यामुळे पडते. बोर्ड दाराच्या कोपऱ्याभोवती एल आकारात कापून सांधा आडव्याच्या मध्याकडे न्यावा. आतल्या पत्र्याच्या उभ्यांपैकी दाराच्या दोन्ही बाजूंचे उभे दुहेरी करून, त्यांच्या पोकळीत लाकूड भरून, ते स्लॅबपर्यंत न्यावेत. केवळ पत्र्यात घुसवलेले बिजागरीचे स्क्रू भरीव दार फार काळ धरत नाहीत.

नवीन चौकट करायची असेल तर

चौकटीची रुंदी भिंत अधिक दोन्ही बाजूंचा गिलावा एवढी धरावी. १०० मिलिमीटरचा ब्लॉक आणि १२ मिलिमीटरचे दोन गिलावे असतील तर १२५ मिलिमीटर. लाकडाचा ओलावा मीटरने मोजून १२ टक्क्यांच्या आसपास असल्याची खात्री करावी. उभ्याच्या मागच्या अंगाला, ब्लॉकच्या जाडीहून थोडी रुंद अशी १० ते १२ मिलिमीटर खोल खाच काढावी आणि भिंतीचे टोक त्या खाचेत शिरेल अशी मांडणी करावी. या खाचेमुळे भिंतीची कड दोन्ही बाजूंनी धरली जाते, आणि रुंद लाकडाचे वाकणेही कमी होते. मागचे अंग आणि खाच यांना बसवण्यापूर्वी प्राइमरचे दोन हात द्यावेत. एकदा बसवल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही.

५० ते ७५ मिलिमीटर जाडीच्या ब्लॉकची भिंत असेल, तर उभे दाराच्या उंचीवर न थांबवता थेट स्लॅबपर्यंत न्यावेत, त्यांची वरची टोके स्लॅबला कोनांनी धरावीत, आणि दाराच्या वरचा भाग काचेने, फळीने किंवा त्याच ब्लॉकने भरावा. अशा भिंतीत याला पर्याय नाही असे मी समजतो. १०० मिलिमीटरच्या भिंतीतही, दार बाहेरच्या वाऱ्याच्या मार्गात असेल तर हीच रचना निवडावी.

चौकट आधी उभी करून तिला लागून भिंत रचणे अधिक मजबूत ठरते, कारण होल्डफास्ट भिंतीच्या लांबीच्या दिशेने सरळ आडव्या सांध्यात ठेवून त्याभोवती काँक्रीटचा एक ब्लॉक जागेवरच ओतता येतो. मात्र टेकू काढू नयेत, एका दिवसात मीटरभराहून अधिक उंची रचू नये, आणि प्रत्येक दोन-तीन थरांनंतर ओळंबा पुन्हा पाहावा, कारण ओला मसाला चौकटीला हळूहळू ढकलत असतो.

दार टांगताना बाजूंना आणि वर ३ मिलिमीटर, खाली ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवावी, आणि चौकटीच्या खाचेत जिथे दार आपटते तिथे रबराची पातळ पट्टी चिकटवावी. क्लोजर (दार आपोआप मिटवणारे उपकरण) बसवला असेल तर त्याच्या शेवटच्या टप्प्याची गती देणारा स्क्रू थोडा थोडा आवळून दार आवाज न करता मिटेल इतपत ठेवावा. चौकटीची पकड चांगली असली तरी रोज शंभर वेळा आपटणारे दार सैल होण्याला वेळ लागत नाही.